खिडकीची तिसरी काच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ आमचं दुमजली घर आहे. इंजिनाचा भोंगा आणि गेट पडलं की गाड्यांचे हॉर्न, यांनी रात्री झोपमोड होते. शिवाय पश्चिमेच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी बसवत नाही. फॅब्रिकेटरने नऊ खिडक्यांना तीन काचांचं कोटेशन दिलंय. दोन काचांपेक्षा खर्च बराच जास्त आहे. घ्यावं का? — वाचक, बेळगाव

उत्तर : नऊच्या नऊ खिडक्यांना तर घेऊच नका. तुमच्या दोन तक्रारी आहेत, ऊन आणि आवाज. तिसरी काच या दोन्हींवरचा मुख्य इलाज नाही.

आधी ऊन. चार बाय चार फुटांची खिडकी धरा, म्हणजे साधारण दीड चौरस मीटर काच. बाहेर ३७ अंश आणि एसी लावून आत २७ अंश असतील, तर त्या दहा अंशांच्या फरकामुळे एकेरी काचेतून सुमारे ८५ वॉट उष्णता आत येते. मध्ये १२ मिलिमीटर पोकळी असलेल्या साध्या दुहेरी काचेतून ती चाळीसेक वॉट येते, आणि साध्या तिहेरीतून तीसेक. म्हणजे तिसऱ्या काचेने वाचले दहा-बारा वॉट. आता त्याच खिडकीवर दुपारी चारचं थेट ऊन पडलं, तर काचेवर ९०० वॉटच्या आसपास उष्णता आदळते. एकेरी स्वच्छ काच त्यातली ८० टक्के आत सोडते, आणि तीन साध्या काचाही ६५ टक्क्यांच्या आसपास सोडतातच. तुमची खोली तापते ती या उन्हाने.

तेव्हा पश्चिमेला आधी बाहेरून सावली करा. दोन फुटांचा छज्जा दुपारी उपयोगी पडतो, पण सूर्य कलला की ऊन त्याच्या खालून आत शिरतं. म्हणून बाहेरच्या बाजूला बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हवा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत उष्णता काचेच्या आत आलेली असते. त्यावर आणखी खर्च करायची तयारी असेल, तर त्या एका खोलीला दुहेरी काच घ्या. तिच्यातल्या बाहेरच्या काचेला, पोकळीकडच्या बाजूने, ऊन परतवणारा लो-ई लेप असावा. कोटेशनमध्ये ‘एसएचजीसी’ हा आकडा लिहून मागा, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी किती हिस्सा आत येतो ते कळेल. तो ०.४ च्या खाली असला पाहिजे.

तीन काचांची खिडकी वाढली ती बर्फाच्या देशांत. तिथे आत-बाहेरच्या तापमानात तीस-तीस अंशांचा फरक महिनोन्‌महिने असतो. आपल्या बेळगावात, ज्याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, जानेवारीच्या पहाटे स्वेटर पुरतो.

आता आवाज. सारख्या जाडीच्या तीन काचा एकाच कंपनाला एकदम साथ देतात, म्हणून ५-५-५ मिलिमीटरची तिहेरी काच नीट निवडलेल्या दुहेरीपुढे आवाजात मागे पडते. तुम्ही बाहेर ६ मिलिमीटर काच, मग १२ची पोकळी आणि आत ४+४ची लॅमिनेटेड काच मागा. लॅमिनेटेडमधल्या दोन काचांमध्ये पीव्हीबीचा मऊ थर असतो, तो कंपन गिळतो. आणि खिडकी सरकती नको, बिजागरीची हवी. सरकत्या खिडकीच्या कडेला नुसता ब्रश असतो. त्यातून जिथे हवा येते तिथून भोंगाही येतो. बिजागरीची झडप रबरी गॅस्केटवर घट्ट दाबून बसते. बसवल्यावर झडपेत वहीच्या कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे दाब कमी आहे. लॉकचं टोक थोडं फिरवून तो वाढवून घ्या. चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करून बघा.

वजनाचंही बघा. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. ५ मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे तुमच्या एका खिडकीला ५६ किलो नुसती काच. साध्या बिजागऱ्या वर्षभरात खाली बसतात, झडप घासू लागते आणि गॅस्केटला फट पडते. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. खिडक्या घट्ट झाल्या की बाथरूममधला गॅस गीझर धोकादायक होतो. त्याचा व्हेंटिलेटर कधीही बंद करू नका. शक्य असेल तर गीझरच बाथरूमच्या बाहेर काढा.

प्रश्न : दोन पावसाळ्यांपूर्वी दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी खिडक्या बसवल्या. आता तीन खिडक्यांत धुकं दिसतं, पुसलं तरी जात नाही. कारागीर म्हणतो, बारीक भोक पाडून सुकवून देतो. — वाचक, खानापूर

उत्तर : भोक पाडू देऊ नका. आधी धुकं कुठल्या बाजूला आहे ते बोटाने बघा. आतून पुसलं गेलं तर ते खोलीतल्या दमटपणाचं. पावसाळ्यात घरात कपडे वाळत घातले की येतंच. बाहेरून पुसलं गेलं तर एसीने गार झालेल्या काचेवर बाहेरची ओल धरली आहे. दोन्हीकडून बोट कोरडंच राहिलं, तर दोन काचांमधली सील गेली.

या जोडकाचेच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, आणि पट्टीच्या बाजूंना ब्यूटिल व बाहेरून पॉलिसल्फाइड असा दुहेरी लेप असतो. ही कड पावसाचे थेंब सहन करते, पण आठवडाभर पाण्यात उभी राहिली तर टिकत नाही. खानापूरच्या पावसात तुमचं नेमकं हेच झालं असण्याची शक्यता जास्त. फ्रेमच्या खालच्या खाचेत थोडं पाणी शिरणारच हे धरून बाहेर निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. तिथे जांभ्याची तांबडी माती आणि गिलाव्याचा चुरा बसला की पाणी तुंबतं. खिडकी उघडून खालच्या खाचेत पेलाभर पाणी ओता. मिनिटभरात ते बाहेरच्या बाजूने वाहून गेलं पाहिजे. नाही गेलं तर भोकं जाड तारेने मोकळी करा. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी हे काम कराच.

भोक पाडून सुकवलेल्या काचेतले दाणे आधीच ओल पिऊन बसलेले असतात. कडेची सील फुटकीच राहते, म्हणून पुढच्या जुलैत पुन्हा धुकं. फ्रेम बदलायची गरज नाही, फक्त जोडकाच बदला. कारागीर आतली बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढेल तेव्हा तुम्ही तिथे उभे राहा आणि दोन गोष्टी बघा. एक, काच खाली प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर बसली पाहिजे. बिजागरीच्या झडपेत एक ठोकळा खाली बिजागरीकडे आणि दुसरा तिरका वर लॉककडे. ठोकळे नसतील तर काच खाचेच्या तळाला, म्हणजे पाण्यातच बसते. दोन, आंबूस व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेच्या कडेला लागू देऊ नका. ते कडेचा लेप खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलीच नळी वापरायला सांगा.

नव्या काचेची वॉरंटी फ्रेमपेक्षा वेगळी, सीलचा उल्लेख करून, लेखी घ्या. आणि काच कुठे बनते तेही विचारा. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. मुंबई-गोव्याकडे बंद केलेली हवा घाट चढून आली की फुगते आणि काचा बाहेर ढकलते. अरुंद, छोट्या खिडक्यांत हा ताण कडेच्या सीलवर जास्त येतो. तिहेरी काचेत दोन पोकळ्या असल्यामुळे तो आणखी वाढतो. ऑर्डर देताना उंची सांगून ठेवा. हुबळी किंवा कोल्हापूरकडच्या काचेला हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

प्रश्न : हायवेलगत चिऱ्याचं जुनं घर आहे, सागवानी चौकटी, लोखंडी गज. चौकटी मोडायच्या नाहीत. त्यांतच तीन काचा बसतील का? — वाचिका, निपाणी

उत्तर : बसणार नाहीत. जुन्या झडपेची खाच एका तावदानापुरती आणि ते पक्कं करणाऱ्या लांबीपुरतीच (पुट्टीपुरतीच) असते, तर तिहेरी काच ३६ ते ४० मिलिमीटर जाड असते. पण ताई, तुमच्याकडे याहून चांगला उपाय आहे. चिऱ्याची भिंत फूट-सव्वा फूट जाड असते. जुनी खिडकी गजांसह जिथे आहे तिथेच ठेवा आणि भिंतीच्या आतल्या कडेला दुसरी, आत उघडणारी खिडकी लावा. दोन्हींमध्ये निदान चार इंच अंतर ठेवा, सहा मिळाले तर उत्तमच. ट्रकच्या घरघरीसारख्या जाड आवाजाला १२ मिलिमीटरची पोकळी पुरत नाही, ही चार-सहा इंचांची पोकळी पुरते. आतल्या खिडकीला ३+३ची एकच लॅमिनेटेड काच बास झाली.

मात्र आधी जुन्या झडपा सुताराकडून रंधून नीट बसवून घ्या, तावदानांची सुटलेली लांबी नव्याने भरा. नवी फ्रेम स्टीलच्या स्क्रूने, कोपऱ्यापासून १५० आणि पुढे दर ६०० मिलिमीटरवर पक्की करा. भिंत आणि फ्रेममधली फट नुसत्या फोमने भरून सोडू नका. फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, त्यावर सीलंट हवंच.

प्रश्न : दुहेरी काचेला आतून काळी फिल्म लावली. महिन्याभरात काच आपोआप तडकली. काचच खराब होती का? — वाचक, गोकाक

उत्तर : तड कडेपासून काटकोनात निघून पुढे वळली असेल, तर ती तापण्याची तड आहे. फिल्मने उष्णता धरली, काचेचा मधला भाग तापून फुगला, आणि फ्रेममध्ये झाकलेली गार कड ताणली जाऊन फाटली. नवी काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, घ्या. पण मापं घेताना दोनदा तपासा, कारण टफन्ड काच नंतर कापता येत नाही. आणि तिच्यावर फिल्म लावू नका. सावली बाहेरून करा.