हाफ आयर्नमॅनच्या सरावासाठी आणि शर्यतीच्या दिवसासाठी कपडे कसे निवडावेत?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही जळगावच्या, गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची तयारी करताय, मेहरूण तलावाकडे सुती टी-शर्ट आणि लेगिंग्जवर पळता, आणि लांब सायकलिंग सुरू झाल्यापासून मांड्या आणि काखा सोलवटायला लागल्या आहेत. ट्रायसूट, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं या तिन्हींत अंगावर राहणारा घट्ट पोशाख, घ्यावा का, घ्यायचा तर कसा, आणि आपल्याकडच्या उन्हात काय घालावं, असं तुम्ही विचारलंय. मी धुळ्याची, वय 43. ही शर्यत तीनदा पूर्ण केली आहे आणि पहिल्या वेळी कपड्यांनीच मला रडवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कोरड्या अंगावर, आरशासमोर कपडा कसा वाटतो यावरून काहीच कळत नाही. तो ओलाचिंब होऊन पाच-सहा तास अंगावर राहिला की कसा वागतो, ते बघायचं. हाफमध्ये 1.9 किलोमीटर पोहून तुम्ही समुद्रातून बाहेर येता आणि त्याच ओल्या कपड्यांत 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर पळणं करता. वाटेत अंगावर पाणी ओतून घेता, घाम येतो. कपडा वाळायला सवडच मिळत नाही.

पहिल्या वेळी मला हे समजलं नव्हतं. सूट घेतला फेब्रुवारीत आणि मार्च-एप्रिलमध्ये धुळे-शिरपूर-धुळे अशा फेऱ्यांना घालून बघितला. सोनगीर, नरडाणा, सावळद्याचा तापीवरचा पूल, मग शिरपूर आणि परत, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. एकदाही कुठे काचलं नाही. आपल्याकडची हवा त्या दिवसांत इतकी कोरडी असते की घाम निथळायच्या आधीच उडून जातो, पाठीवर फक्त मिठाचे पांढरे पट्टे उरतात. मी निर्धास्त झाले. गोव्यात हवा दमट. घाम उडत नाही, अंगावरून वाहत राहतो, त्यात समुद्राचं मीठ. सायकलवर साधारण साठाव्या किलोमीटरला ब्राच्या खालच्या पट्टीपाशी चुरचुरायला लागलं. पळायला उतरले तेव्हा प्रत्येक पावलाला तिथे कोणी किसणी फिरवतंय असं वाटत होतं. शर्यत पूर्ण केली, पण पुढचे चार दिवस ब्लाउज घालता आला नाही. ट्रायसूटची आडवी शिवण नेमकी ब्राच्या पट्टीवर येत होती. दोन शिवणी एकावर एक, मध्ये ओली कातडी. कोरड्यात ते कधीच जाणवलं नसतं.

त्यानंतर मी जे करायला लागले ते तुम्हीही करा. दहा लिटरच्या बादलीत साडेतीनशे ग्रॅम साधं मीठ विरघळवा, ते पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट होतं. शर्यतीला घालणार ते सगळं अंगावर चढवा: ब्रा, सूट, नंबरचा पट्टासुद्धा. अंगणात ती बादली डोक्यावरून ओता, पाय पुसा, मोजे-बूट घाला आणि लगेच सायकलवर बसा. तीन तास सायकल, दर अर्ध्या तासाने बाटलीतलं पाणी छातीवर आणि पाठीवर, आणि उतरल्यावर पाऊण तास पळा. हे शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, हवेत ओलावा असताना करा, म्हणजे गोव्याच्या जवळपास जाईल. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी आरशात अंग बघा. जिथे लाल दिसेल ती जागा वहीत लिहून ठेवा. बादली ओतताना सायकल मात्र लांब ठेवा आणि नंतर ती साध्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्या, मिठाने गंज फार लवकर चढतो.

आता सुती कपड्यांबद्दल. मी अमळनेरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली आहे, त्यामुळे हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मांडी, काख आणि छाती या तीन ठिकाणी लांब अंतराला सुती कपडा नको. प्रयोगशाळेच्या ठरावीक हवेत कापसाचा धागा वजनाच्या साधारण 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन 4 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. कापसाला पाणी आवडतं. धागा फुगतो, कपडा जड होतो, अंगाला चिकटतो आणि प्रत्येक हालचालीला कातडीला ओढतो. कातडीही ओली राहून मऊ पडलेली असते, ती सोलवटायला वेळ लागत नाही. तुमच्या मांड्यांचं नेमकं हेच होत असणार, त्यात लेगिंग्जची मधली शिवण सीटवर दाबली जाते ती वेगळीच.

पण हाच गुण मानेवर कामाला येतो. आपल्याकडे शेतात जाताना डोक्या-मानेला गुंडाळतात तो मोठा पांढरा सुती रुमाल घ्या, त्याची लांब पट्टी फाडा, भिजवा आणि उन्हाळ्यातल्या सरावाला मानेभोवती सैल बांधा. कोरड्या झळांमध्ये त्यातलं पाणी भराभर उडतं आणि मान थंड राहते. लळिंगच्या घाटात सकाळी नऊनंतर मला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचाच वाटलेला नाही. दमट हवेत तितका गारवा मिळत नाही, म्हणून गोव्याला मी तो नेत नाही. तिथे बर्फ मिळाला तर तो टोपीत घातलेला बरा.

ट्रायसूट घ्याच. सायकलच्या साध्या शॉर्ट्समध्ये जाड गादी असते, ती पोहताना पाणी पिऊन बसते आणि पळताना लंगोटासारखी लोंबते. ट्रायसूटची गादी पातळ असते, लवकर निथळते. त्याच्या आत चड्डी घालायची नाही. हे सांगायला कोणी नसतं म्हणून स्पष्टच लिहिते: चड्डीची शिवण आणि सीट यांच्यामध्ये कातडी सापडते आणि गळवं येतात. सरावाच्या लांब राइडला मात्र सायकलची जाड गादीची शॉर्ट्स वापरायला हरकत नाही, फक्त महिन्यातून दोनदा तरी सूटवर बसा, म्हणजे पातळ गादीची सवय होईल.

एकसंध सूट की दोन तुकडे? वेगवान लोक एकसंध घेतात. मी बायकांना दोन तुकडे सुचवते, कारण सहा-सात तासांत एकदा तरी संडास-बाथरूमला जावं लागतंच आणि ओला एकसंध सूट खांद्यावरून उतरवून परत चढवणं हा दमलेल्या हातांना मोठा व्याप आहे. वरचा तुकडा पुरेसा लांब असावा, नाहीतर सायकलवर वाकल्यावर कंबर उघडी पडते आणि तेवढाच पट्टा उन्हाने भाजून निघतो. बाह्या खांद्यावरून थोड्या खाली येणाऱ्या असल्या तर काख कमी काचते आणि खांदे जळत नाहीत. पोहताना अशा बाह्या चालतात का, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघून मगच पैसे घाला.

कपडा हातात आला की उलटा करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूने प्रत्येक शिवणीवरून हात फिरवा. तिथली कातडी नाजूक असते, टोचणारी शिवण लगेच कळते. शिवण सपाट हवी. मानेमागचं लेबल धाग्याच्या मुळापासून उसवून काढा, कात्रीने कापलं तर उरलेली कड जास्त बोचते. मांडीवरची पकड रुंद पट्टीची असावी. रबराचे ठिपके असलेली पकड मला घामोळ्यांसारखे डाग देते. मापात बसतो का ते उभं राहून नाही, सायकलवर बसून बघा. उभं असताना खांद्यावर जरा ओढल्यासारखा वाटणारा सूट वाकल्यावर बरोबर बसतो, आणि उभं असताना ऐसपैस वाटणारा पोहताना पाणी भरून घेतो. रंग वर फिका, खाली काळा. फिका कपडा घरी भिजवून, उजेडात उभं राहून एकदा तपासा. माझ्या एका मैत्रिणीला तो पारदर्शक होतो हे शर्यतीच्या सकाळी कळलं.

पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च ब्रावर करा, सूटवर नंतर. रुंद पट्टीची, हुक नसलेली, पूर्ण सिंथेटिक, आणि आत सुटा कप नसलेली घ्या. सुटा कप पाण्यात सरकतो आणि स्पंजासारखा ओला राहतो. काही सूटमध्ये ब्रा आतच शिवलेली असते, पण पळताना तिचा आधार बहुतेकींना पुरत नाही. पाळीच्या दिवशी शर्यत आली तर सूटच्या गादीवर पॅड टिकत नाही, पाण्यात तर नाहीच. पाळीचा कप किंवा टॅम्पॉन वापरायचा असेल तर दोन-तीन महिने आधीपासून सरावात वापरून हात बसवा.

शर्यतीच्या पहाटे आधी सनस्क्रीन, ते मुरलं की पेट्रोलियम जेली. मानेची मागची बाजू, काखा, ब्राच्या पट्टीची पूर्ण रेघ, जांघा, टाचा. खोबरेल तेल आपल्याला सवयीचं, पण ते तासाभरात निघून जातं. जेली लावून झाली की हात साबणाने धुवा, नाहीतर गॉगलच्या काचा तेलकट होतात आणि पुढचा पिवळा बोया दिसत नाही. जेलीची छोटी डबी सायकलपाशी ठेवा, पळायला निघताना जांघेत परत लावा.

मोजे पातळ, सिंथेटिक, घोट्याच्या वर येणारे. पोहून आल्यावर ओल्या पायात ते चढत नाहीत, म्हणून आधीच गुंडाळून, आत थोडी पावडर टाकून ठेवा. बूट रोजच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण उष्णतेत तासन् तास पाय चालले की सुजतात. वेटसूटचा विचार गोव्यासाठी सोडून द्या. आयर्नमॅनच्या शर्यतीत पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तरच तो साध्या स्पर्धकाला पूर्ण मान्य असतो आणि अरबी समुद्र त्याहून उबदार असतो.

थंडीचंही एक बोलून घेते, कारण धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांवर येतो आणि पहाटे साडेपाचला सायकल काढली की बोटं बधिर होतात. जाड जॅकेट घेऊ नका, तासाभरात आतून घामाने भिजून तेच गार पडतं. हातांवर वेगळ्या चढवायच्या सुट्या बाह्या घाला, ऊन वर आलं की काढून खिशात. उतारावर छातीपाशी, कपड्याच्या आत वर्तमानपत्राचं एक पान घाला. वारा अडतो आणि नंतर ते कचराकुंडीत टाकता येतं.

तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहिलंय, की असे घट्ट कपडे घालून बाहेर पडायला संकोच वाटतो. मलाही वाटायचा. पहिले दोन महिने मी सूटवर सैल, पातळ टी-शर्ट आणि वर शॉर्ट्स घालून नकाणे तलावाच्या रस्त्याला पळाले आणि त्यात काहीही गैर नाही. मन अवघडलेलं असेल तर खांदे वर चढतात, श्वास उथळ होतो, म्हणजे तोही कपड्याच्या सोयीचाच भाग झाला. एकदा पारोळ्याच्या रस्त्याला शेताच्या बांधावरून एका आजीने हाक मारली, "काय वं माय, इतली पयत पयत कथा जाई राह्यनी?" म्हणजे इतकी पळत पळत कुठे चाललीस. मी थांबून सांगितलं. तिने माझ्या बाहीचा कपडा दोन बोटांत धरून बघितला, पाणी पाजलं, आणि पुढे त्या बाजूला गेले की ती हात करायची. त्यानंतर मी वरचा टी-शर्ट सोडला. तुमचं कधी सुटेल ते तुमच्या मनावर. फक्त सायकलवर सैल कपडा फडफडतो आणि काखेत काचतो, तेव्हा निदान लांब राइडला पहाटे निघून तो काढून ठेवा.

सूट आणि ब्रा शर्यतीपर्यंत टिकवायचे असतील तर सरावाला तलावात चालेल, पण क्लोरीनच्या टाकीत नेऊ नका. क्लोरीनने त्यातला ताणणारा धागा मरतो. टाकीसाठी पॉलिस्टरचा वेगळा पोहण्याचा पोशाख ठेवा. घरी आल्या आल्या साध्या पाण्यात मीठ काढून टाका, सौम्य साबण लावा, कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात नको, त्याने घाम बाहेर टाकायचा गुण जातो. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि उलटा करून सावलीत वाळत घाला. आपलं मे महिन्याचं ऊन त्या धाग्याला एका उन्हाळ्यात म्हातारं करतं.

सोलवटलेल्या जागेवर आत्ता चार दिवस काही घट्ट घालू नका. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडी ठेवा, रात्री सुती सैल कपडा. खपली धरल्याशिवाय लांब राइड नको, त्या आठवड्यात पोहणंही थांबवा. पाणी सुटत असेल किंवा आजूबाजूला गरम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ती जागा पूर्ण बरी झाली की मग बादलीचा सराव करा आणि कुठे काचलं ते इथे लिहा. जागा कळली की बहुतेक वेळा शिवण कुठली ते सांगता येतं.