जिल्हा परिषदेच्या शाळेत अतिप्रक्रियायुक्त अन्नावर मर्यादा घालता येईल का?

आपण शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहात आणि ब्राझीलने सरकारी शाळांच्या जेवणात अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात जुळवलेल्या पाकीटबंद अन्नाचा वाटा कमी करत आणल्याचे वाचून, असे आपल्याकडे शक्य आहे का, की हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असे विचारले आहे. मी प्राथमिक शिक्षक आहे आणि आमच्या शाळेच्या पोषण आहाराच्या नोंदी माझ्याकडे असतात, म्हणून लिहितो. हे शक्य आहे. मात्र ब्राझीलकडून घेण्यासारखी गोष्ट तिथली बंदी नसून तिथला हिशेब आहे, असे माझे मत आहे.

तिथे सुमारे ४ कोटी मुले शाळेत मोफत जेवतात. २००९ च्या कायद्याने केंद्राच्या आहार निधीतील किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून थेट खरेदीसाठी राखून ठेवली. २०२० मध्ये पुढचा नियम आला : किमान ७५ टक्के पैसा ताज्या किंवा नाममात्र प्रक्रिया केलेल्या अन्नावरच खर्च व्हायला हवा, आणि प्रक्रिया केलेले व अतिप्रक्रियायुक्त असे दोन्ही प्रकार मिळून २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा २०२५ साठी १५ आणि २०२६ साठी १० टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. शीतपेयांसारख्या काही पदार्थांवर सरळ बंदी आहेच, पण बंदी पाळली जाते की नाही हे पाहायला रोज कोणीतरी दारात उभे राहावे लागते, तर पैशाचा वाटा बिलांची फाइल उघडून वर्षाच्या शेवटीही तपासता येतो. याउलट अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने शाळांतील अतिप्रक्रियायुक्त अन्नाबद्दल २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केलेल्या कायद्यानुसार आधी २०२८ पर्यंत व्याख्या ठरायची, २०२९ पासून पदार्थ हटवायला सुरुवात व्हायची आणि २०३५ मध्ये ते पूर्ण बंद व्हायचे, असा दहा वर्षांचा प्रवास आहे. जिथे अनेक शाळांत तयार आलेले अन्न केवळ गरम करून वाढले जाते, तिथे इतका वेळ लागणारच.

आपल्याकडची स्थिती या बाबतीत, गरिबीमुळे का होईना, बरी आहे. सकाळी आमच्या शाळेतल्या ताई पातेल्यात तेल तापवून जिरे-मोहरीची फोडणी देतात, त्यात कांदा, हळद, तिखट, असतील त्या भाज्या, मग धुतलेले तांदूळ आणि मूगडाळ किंवा आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेली मटकी पडते. शिजल्यावर मुलांच्या आधी आमच्यापैकी कोणीतरी ती खाऊन चव नोंदवहीत सही करतो. २०२४ च्या जूनमध्ये राज्याने ठरवून दिलेल्या पाककृतींतही मसालेभात, चवळीची खिचडी, शेवगा घातलेले वरण-भात, नाचणीचे सत्त्व असेच पदार्थ होते. ब्राझीलला जे गाठायचे आहे ते आपल्या पातेल्यात बहुतांशी आहेच. तेव्हा प्रश्न काढून टाकण्याचा कमी आणि आत येऊ न देण्याचा जास्त आहे.

काय आत येऊ द्यायचे नाही, हे ठरवताना मात्र जरा सबुरीने घ्यावे. साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाची जी चार गटांत वर्गवारी केली, तिच्यातील चौथा गट म्हणजे घरच्या स्वयंपाकघरात कधी नसणाऱ्या घटकांपासून कारखान्यात जुळवलेले पदार्थ. क्रीमच्या बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचला की मैदा, साखर आणि पामतेलाच्या पुढे इन्व्हर्ट सिरप, ३२२ आणि ४७१ अशा क्रमांकांचे इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद अशी यादी सापडते; त्याबद्दल वाद नाही. पण हीच कसोटी काटेकोर लावली तर सोयाबीनची वडीसुद्धा याच गटात जाऊ शकते, कारण तेल काढून उरलेले सोयापीठ यंत्रातून दाबून ती तयार होते. ज्या मुलाच्या घरी डाळ पातळ होत चालली आहे त्याच्या ताटातली वडी, तिच्या जागी अंडे किंवा जास्तीची डाळ न देता, केवळ व्याख्येसाठी काढणे हा शहाणपणा नव्हे. गोव्यात महिला स्वयंसहायता गट माध्यान्ह आहारात पावभाजी देतात. तिथे पोदेराने, म्हणजे गावच्या पाववाल्याने, पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांपासून भाजलेला पाव आणि आठवडाभर मऊ राहणारा पिशवीबंद ब्रेड यांना एकाच पारड्यात घालणे तितकेच चुकीचे ठरेल.

चोचल्यांच्या शंकेबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना दोन आठवडे एक आणि दोन आठवडे दुसरा असा आहार देऊन २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही प्रकारच्या जेवणात साखर, स्निग्धांश, तंतू यांचे प्रमाण जुळवलेले असूनही अतिप्रक्रियायुक्त जेवणावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. प्रयोग छोटा आणि प्रौढांवरचा होता, पण गरिबाच्या मुलाला हा नियम लागू नाही असे मानायला काहीच आधार नाही.

आपल्याकडे पाकीट शिरते ते बाजूच्या दारांनी. पूरक आहाराच्या, म्हणजे जेवणाखेरीज काही खाऊ देण्याच्या, दिवशी केळी किंवा राजगिऱ्याचा लाडू आणायचा कंटाळा आला की बिस्किटे येतात, कारण ती नासत नाहीत आणि मोजून वाटता येतात. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला गावातले दाते पुडे वाटतात, वाढदिवसाला चॉकलेट येते, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला काय येते ते विचारू नका. फाटकाबाहेरच्या टपरीबद्दल म्हणाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त मीठ, साखर वा मेद असलेल्या पदार्थांची विक्री रोखली आहे, पण ते अंतर मोजायला टेप घेऊन आलेला कोणी मी अजून पाहिलेला नाही.

खरी भीती मला वेगळीच वाटते. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे रोजचा आहार खर्च ६ रुपये ७८ पैसे आहे. तांदूळ केंद्राकडून येतो, पण डाळ, तेल, भाजी, मसाला आणि इंधन एवढ्यात बसवायचे असते. ज्या ताई हे शिजवतात त्यांचे मानधन महिन्याला २,५०० रुपये आहे. राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडले. अशा ओढाताणीत उद्या कोणी सीलबंद, जीवनसत्त्वे मिसळलेले, गरम पाणी ओतले की तयार होणारे पाकीट स्वस्तात देऊ केले, तर ते नाकारायला आपल्याकडे लेखी आधार काय आहे?

म्हणून आपण समितीच्या पुढच्या सभेत ठराव मांडा. पूरक आहारात फक्त फळ, अंडे, चिक्की, राजगिरा लाडू किंवा भाजलेले शेंगदाणे-फुटाणे घ्यावेत, दात्यांनी पुड्यांऐवजी तिथीभोजन (खास दिवशी मुलांना दिलेले जेवण), केळी किंवा अंडी द्यावीत, आणि वर्षाअखेरीस शाळेच्या स्तरावरील खरेदीतले किती पैसे भाजी-फळांवर व किती पाकिटांवर गेले ते सभेत वाचून दाखवावे, एवढा मजकूर पुरे. शेवटच्या मुद्द्याला मुख्याध्यापक कुरकुरतील, कारण आधीच पोर्टल आणि नोंदवह्यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. तेव्हा बिले वेगळी लावण्याचे काम आपण स्वतः अंगावर घ्या, म्हणजे ठराव मंजूर व्हायला अडचण येणार नाही.