ईसीडीएसए (एलिप्टिक कर्व्हवर चालणारी डिजिटल सही) सहीची टेस्ट पहिल्या फेरीत पास होते आणि नंतर मधेच 'बफर लहान' म्हणून का फेल होते?

तुम्ही लिहिलंय की ओपनएसएसएल ३ (क्रिप्टोग्राफीची लायब्ररी) वर पी-२५६ (२५६ बिटचा कर्व्ह) ची की घेऊन लूपमध्ये सह्या करताय, बफर ७२ बाइटचा आहे, पहिली फेरी कायम पास आणि मग कधी दुसऱ्या कधी चौथ्या फेरीत बोंब. बफरला हात लावू नका, ७२ बरोबर आहे. लांबीचं व्हेरिएबल तुम्ही लूपच्या बाहेर एकदाच सेट केलंय, घोळ तिथे आहे.

सही करणाऱ्या ईव्हीपी_डायजेस्टसाइन फंक्शनला आपण लांबीचा जो पॉइंटर देतो त्यातून आत जाताना बफर केवढा ते कळतं आणि बाहेर येताना सही प्रत्यक्षात केवढी झाली तेही त्यातच लिहून येतं. म्हणजे पहिली सही ७० ची निघाली की पुढच्या फेरीत तेच ७० आत जातात, लायब्ररीला वाटतं बफरच ७० चा, आणि ती मागते जास्तीत जास्त साइज म्हणजे ७२, मग खरी सही ७० ची का निघणार असेना. आधीची सही नेमकी ७२ ची असली तर निभावतं, म्हणून कधी दुसरी कधी चौथी.

लांबी बदलते ती डीईआरमुळे, म्हणजे सही ज्या फॉरमॅटमध्ये बाइट करून लिहिली जाते त्यामुळे. सहीतले दोन आकडे, आर आणि एस, ३२-३२ बाइटचे, पण डीईआरमधला इंटिजर चिन्हासकट असतो, सगळ्यात वरचा बिट १ असला की पुढे ०० लावावं लागतं नाहीतर आकडा निगेटिव्ह वाचला जाईल. एखादी सही हेक्समध्ये प्रिंट करून बघा, ३० ४५ ०२ २१ ०० अशी सुरुवात दिसली तर आर ३३ चा, एस ३२ चा, एकूण ७१. साधारण चारातल्या एका सहीत दोघांनाही ०० लागतं, तेव्हाच ७२.

तर लांबी दर फेरीत साइनच्या आधी परत ७२ करा, आणि व्हेरिफायला मात्र बाहेर आलेली लांबीच द्या, अख्खा बफर दिलात तर मागचा कचरा सहीत धरला जाऊन व्हेरिफाय फेल. बफर मॅलॉकने घेतला असेल तर साइजऑफ वापरू नका, ६४-बिट मशीनवर पॉइंटरचे ८ मिळतील. पुढे पी-५२१ घ्याल तेव्हा ५१२ समजून ६४-६४ धरू नका, तिथे ६६-६६ आणि डीईआर १३९ पर्यंत जातं. त्यापेक्षा आधी बफरच्या जागी नल देऊन साइज विचारून घ्या.

बफर २५६ करून तिकीट बंद करायची पद्धत आमच्याकडे हिंजवडीतही जोरात आहे, पण इथे ती चालणारच नाही, दुसऱ्या फेरीत परत ७० किंवा ७१ च आत जाणार. आणि कुठे जुनं ईसीडीएसए_साइन वापरलं असेल तर ते बफरची साइज विचारतच नाही, लहान बफर दिलात तर गुपचूप पलीकडे लिहितं, त्यामुळे ती टेस्ट ॲड्रेस सॅनिटायझर (बफरबाहेर लिहिलं की पकडणारं टूल) लावूनच चालवा.