भावी शिक्षकाने वर्गात तंत्रज्ञान किती आणि कुठे वापरावं?

तुमचा प्रश्न असा आहे की बी.एड. झाल्यावर वर्गात तंत्रज्ञान किती वापरायचं, सगळं स्मार्ट बोर्डवर शिकवलं तर मुलांना खरंच जास्त कळतं का, आणि मुलाखतीआधी कोणती साधनं शिकून ठेवायची. मी नागपूरला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या पद्धती, म्हणजे शिकवायचे विषय, भूगोल आणि मराठी. सध्या शहरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आमची इंटर्नशिप चालू आहे, म्हणजे नोकरी लागायची असली तरी नववीचा वर्ग रोज समोर असतो. त्या जोरावर हे लिहितेय.

माझं मत सरळ आहे. तंत्रज्ञान वापरा, मोकळ्या मनाने वापरा. पण पडदा चालू असताना मुलं काय करताहेत, तेवढं बघा. ती लिहिताहेत, मोजताहेत, भांडताहेत, अंदाज बांधताहेत, तर साधन कामाला आलं. ती नुसती बघत असतील तर तो तास फळ्यावर घेतला असता तरी काही बिघडलं नसतं.

एक पाठ जरा सविस्तर सांगते. नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रियांमध्ये नदीचं कार्य येतं: खनन (झिजवणं), वहन (वाहून नेणं), संचयन (साचवणं). पुस्तकातल्या आकृत्या चांगल्या आहेत, पण त्या डोंगरातून धबधब्याने उतरणाऱ्या नदीच्या आहेत. आमच्या वर्गाने जवळून पाहिलेली नदी म्हणजे नाग नदी, आणि तिला बहुतेक मुलं नालाच म्हणतात. ज्या नदीवरून शहराला नाव पडलं ती उगम पावते कुठे आणि जाते कुठे, हे वर्गात कुणालाच नीट सांगता येईना. मी शाळेच्या संगणकावर गुगल अर्थ प्रो उघडलं. ते २०१५ पासून मोफत आहे, आणि माऊसचा बाण जिथे न्याल तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची खालच्या पट्टीत दिसत राहते. पाठाचा सगळा डोलारा मी त्या एका पट्टीवर उभा केला.

मुलं पाळीपाळीने माऊस धरायला आली. पश्चिमेला लाव्ह्याच्या टेकड्या, मग अंबाझरी तलाव, सीताबर्डीच्या बाजूने अशोक चौक, पुढे पारडीकडे, तिथून पिवळी नदीला मिळून कन्हानपर्यंत. एकजण बाण सरकवायचा, दुसरी उंची मोठ्याने वाचायची, तिसरा ती फळ्यावर लिहायचा. अंतर मोजायला त्याच सॉफ्टवेअरमधली मोजपट्टी वापरली. अख्खा वर्ग हे आकडे वहीत उतरवत होता. मग आलेखाचा कागद घेऊन नदीचा छेद काढायला सांगितला: आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर उंची.

इथे खरी गंमत झाली. बऱ्याच जणांनी दोन्ही अक्षांना एकच प्रमाण घेतलं आणि त्यांची नदी सपाट रेघ झाली. कागदावर उतार दिसेचना. मी काहीच सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी आपणहून उभं प्रमाण वाढवलं, त्यांची रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरताना दिसायला लागली आणि आजूबाजूच्यांनी लगेच खोडरबर काढले. प्रमाण बदललं की तोच उतार डोळ्यांना वेगळा दिसतो, ही गोष्ट त्यांना हाताने कळली. मी ती पंधरा मिनिटं तोंडी समजावली असती तरी अशी कळली नसती.

आता महत्त्वाचं. हा छेद काढून द्यायची सोय गुगल अर्थ प्रोमध्ये आधीपासूनच आहे. नकाशावर नदीची रेघ आखली की उंचीचा आलेख दोन क्लिकमध्ये तयार होतो. मी तो आधी दाखवलाच नाही. सगळ्यांच्या वह्यांतले आलेख पूर्ण झाल्यावर पडद्यावर आणला, आणि प्रत्येकजण आपली रेघ त्या रेघेशी ताडून पाहायला लागला. तेवढ्यात एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, इथं तं पाणी वरतं चढून राह्यलं!"

त्याचं बरोबर होतं. पडद्यावरच्या आलेखात मधेमधे उंचवटे होते आणि पाणी तर चढावर जात नाही. मग आम्ही त्या उंचवट्यांच्या मागे लागलो. गुगल अर्थमधल्या उंचीमागे बऱ्याच भागांसाठी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून रडारने केलेली मोजणी आहे. रडारची लहर शहरात घरांच्या छतांवरून आणि झाडांच्या शेंड्यांवरून परत फिरते, आणि दाट वस्तीतून जाणारं नदीचं अरुंद पात्र त्यात नीट सापडत नाही. म्हणून पडद्यावरच्या आलेखात नदी चढते. यंत्राने दिलेला आकडा कुणी, कशावरून, कधी मोजला हे विचारायची सवय नववीत लागली तर ती पुढे जन्मभर पुरेल, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि हा प्रश्न त्याला पडला तो आधी स्वतः छेद काढला होता म्हणून. तयार आलेख पहिल्यांदा दाखवला असता तर सगळ्यांनी तोच खरा मानून वहीत उतरवला असता.

मग बोलणं २०२३ च्या २३ सप्टेंबरवर आलं. मध्यरात्रीनंतरच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पहाटे पाणी शिरलं. ज्यांच्या नातेवाइकांकडे पाणी भरलं होतं ती मुलं सांगायला लागली, आणि कुठली गल्ली खोलगट, कुठला पूल ठेंगणा हे पडद्यावर शोधलं गेलं. एरवी तासाला तोंड न उघडणारी मुलं त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलली.

हे सगळं एका जुन्या संगणकावर आणि एका प्रोजेक्टरवर झालं. स्मार्ट बोर्ड नव्हता. असता तर बरंच झालं असतं, माझं त्याच्याशी काही वैर नाही. पण त्याच्यावाचून काही अडलं नाही.

आता "जास्त कळतं का" याबद्दल. इंटर्नशिपमध्ये आणि आमच्या सराव पाठांमध्ये मी जे बघते त्यात सर्वाधिक वापर होतो तो पीपीटीचा. पाठ्यपुस्तकातला मजकूर स्लाइडवर टाकायचा आणि वाचून दाखवायचा. पाठाच्या निरीक्षण तक्त्यात शैक्षणिक साधनांना गुण असतात, त्यामुळे कॉलेजात सगळे पीपीटी करतात. मुलांना त्यातून काय मिळालं याची विचारपूस फार कमी होते. स्लाइडचा आणखी एक तोटा आहे. फळ्यावर शिक्षक आकृती काढत जातो तेव्हा मुलं त्याच्या हाताच्या वेगाने विचार करतात. स्लाइडवर आकृती पूर्ण होऊनच येते, आणि आधी काय, नंतर काय, हा क्रम हरवतो. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की फलकलेखन आधी पक्कं करा. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठांत, हे कौशल्य आपण उरकून टाकतो, तसं उरकू नका.

नुसती यंत्रं वाटून शिक्षण सुधारत नाही हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय. पेरू देशाने प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची योजना राबवली, आणि ३१९ ग्रामीण शाळांमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. संगणकांची संख्या भरपूर वाढली, पण गणितात आणि भाषेत काही फरक पडला नाही. याच्या उलट दिल्लीतला अभ्यास. सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर सराव दिला गेला, सोबत शिक्षकांचा छोट्या गटातला तासही होता. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्हींत मुलांनी ठळक प्रगती केली. कारण समजून घ्या. सहावीत आलेलं सर्वसाधारण मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, आणि ते सॉफ्टवेअर प्रत्येकाला त्याच्या पातळीपासून प्रश्न द्यायचं. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला हे रोज जमणं अशक्य आहे. यंत्राने हे ओझं उचललं तर मी दोन्ही हातांनी त्याचं स्वागत करीन.

मराठीच्या तासाला मी सगळ्यात जास्त वापरते तो मोबाइलमधला साधा रेकॉर्डर. आमच्या वर्गात घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुलं बरीच आहेत, वऱ्हाडी बोलणारीही आहेत. प्रकट वाचन रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवलं की कुठे थांबायला हवं होतं, कुठे वाक्य तुटलं, ते मुलं स्वतःच सांगतात. "मॅडम, पुन्हा वाचू का जी?" असं विचारतात. मी चूक दाखवली असती तर मान खाली गेली असती. ऐकवून झालं की रेकॉर्डिंग त्यांच्या समोर पुसते. मुलांचे आवाज, फोटो, व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकायची आपल्याकडे फार घाई असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, अडखळत वाचणाऱ्या पोराचा व्हिडिओ गावभर फिरवणं मला अजिबात पटत नाही.

घरच्या अभ्यासासाठी फोनवर विसंबून राहू नका, एवढं आवर्जून सांगते. करोनाच्या काळात "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणत आपण बरंच काही फोनवर ढकललं. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत आजही एकच फोन आहे. तो बाबांबरोबर सकाळी कामावर जातो आणि रात्री परत येतो. पोरीने व्हिडिओ पाहिला नाही म्हणजे अभ्यास केला नाही, असं होत नाही. पुस्तकातले क्यूआर कोड आणि २०१७ मध्ये सुरू झालेलं सरकारी दीक्षा ॲप हे चांगलं भांडार आहे, मी पाठाच्या तयारीला ते चाळते. पण त्यातला व्हिडिओ वर्गात लावायचा असेल तर आधी स्वतः पूर्ण पाहा आणि कुठे थांबवून काय विचारायचं ते टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, लिहून ठेवा. तीन मिनिटांचा तुकडा पुष्कळ झाला.

पाठ टाचण आता चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायची पद्धत पडत चाललीय. मी त्याच्याकडून सरावाचे प्रश्न काढून घेते आणि निवडून वापरते. टाचण मात्र हाताने लिहिते. कुठल्या मुलाला कुठे अडतं ते त्या यंत्राला माहीत नाही, मला माहीत आहे. शिवाय मराठीत भूगोलाच्या संज्ञा ते कधी कधी धडधडीत चुकीच्या देतं, आणि त्या तपासायला शेवटी पुस्तकच उघडावं लागतं.

राहिली साधनं. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टीएआयटी (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल पार करून तुम्ही मुलाखतीला गेलात आणि तिथे पाठ घ्यायला सांगितला, तर ॲपची यादी पाठ असून उपयोग नाही. आपल्या विषयाचं एक साधन आतून-बाहेरून यायला हवं. भूगोलाला गुगल अर्थ प्रो. गणिताला जिओजेब्रा, माझी मैत्रीण त्यावर त्रिकोणाचा शिरोबिंदू मुलांच्या हाताने ओढायला लावते आणि कोनांची बेरीज बदलते का ते त्यांनाच पाहू देते. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत, त्यातली अनेक मराठीत मिळतात आणि डाउनलोड करून नेटशिवायही चालतात. भाषेला रेकॉर्डर पुरे.

तासाआधी त्याच खोलीत जाऊन सगळं एकदा लावून पाहा. आपल्या विदर्भातल्या उन्हाने खिडकीला पडदा नसेल तर प्रोजेक्टरचं चित्र फिकट दिसतं, लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए अशी न जुळणारी वायर हमखास निघते, संगणक कक्षाची किल्ली रजेवरच्या सरांकडे असते. नेटवर भरोसा नसेल तर लागतील त्या दृश्यांचे स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हवर घ्या. नाग नदीच्या पाठाला मी उंचीच्या आकड्यांचा तक्ता कागदावर छापून नेला होता, वीज गेली असती तरी आलेख काढता आलाच असता. तुमची पद्धती कोणती ते कळवलंत तर त्या विषयाच्या एखाद्या घटकावर असा पाठ कसा बांधता येईल, ते सविस्तर लिहीन.