वाचक विचारतात : पार्सलमधून आलेलं सापाचं पिल्लू

प्रश्न : बेंगळुरूहून हवाई कार्गोने बॉल पायथन या परदेशी सापाचं चार महिन्यांचं पिल्लू मागवलं आहे, वजन १४० ग्रॅम. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या विमानाने ते इंदूरला पोचेल. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : खरं काम पिल्लू यायच्या दोन दिवस आधीचं आहे. पेटी लावून, हीट मॅट (पेटीखाली ठेवायची विजेवर तापणारी चादर) आणि तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट चालू करून ४८ तास तशीच चालू द्या आणि दर काही तासांनी तापमान लिहून ठेवा. गरम कोपऱ्यात जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५ ते २७ आणि आर्द्रता ५५ ते ६५ टक्के हवी. पहाटे पाच वाजताचा आकडा चुकवू नका, गडबड तेव्हाच दिसते. पिल्लू पेटीत सोडून मग थर्मोस्टॅटशी झटापट करत बसलात, तर पहिल्या रात्रीच त्याच्या डोक्यावरचं झाकण दहा वेळा उघडलं जातं.

पेटी साधारण ४५ × ३० सेंमी पुरे. मोठी असली तरी बिघडत नाही, पण मोकळं मैदान नको. लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, शक्यतो सारख्याच. एकच ठेवली तर पिल्लाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं. भित्रं पिल्लू आडोसाच निवडतं, थंडीत बसून राहतं आणि खाल्लेलं पचत नाही. जागा तंग असावी, वेटोळं घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतीला टेकली पाहिजे. बाजारातल्या गुहा बहुतेक फारच ऐसपैस असतात. त्यापेक्षा मातीची छोटी कुंडी उपडी घालून काठाला दारापुरती खाच पाडा आणि कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कॉर्न स्नेक या दुसऱ्या परदेशी जातीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला तर सराफ्यातला दुधाचा कुल्हड धुऊन, वाळवून, आडवा ठेवला तरी चालतो.

खाली पहिले दोन-तीन महिने साधा पांढरा किचन टॉवेल. दिसायला रुक्ष, पण विष्ठा, उलटी, रक्त, गोचीड सगळं त्यावर लगेच कळतं. सुताराकडचा भुसा आणू नका. देवदार आणि चीड यांच्या भुशातली तेलं सापाच्या फुप्फुसांना त्रास देतात.

आता विमानतळ. खोका तिथे उघडायचा नाही. गाडीत तो सीटवर ठेवा, हीटरच्या झोतासमोर नाही. आत हीट पॅक असेल तर घरी पोचताच काढून टाका. खोलीचं तापमान २४-२५ अंश ठेवून बाहेरचं झाकण उघडा आणि कापडी पिशवी गाठ न सोडता अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. पिशवी हाताला गार लागली आणि पिल्लू मंद वाटलं, तरी गरम पाण्याची पिशवी चिकटवू नका. कातडी आधी भाजते, आतलं शरीर मागाहून तापतं. हळूहळू दीड-दोन तासांत तापलेलं बरं.

मग पिशवी पेटीत ठेवून गाठ सोडा, तोंड लपायच्या जागेकडे करा आणि झाकण लावा. ओतून काढू नका, ते आपणहून बाहेर येईल, कधीकधी सकाळपर्यंत येणार नाही. पिशवी दुसऱ्या दिवशी अलगद उचला. पाण्याचं जड भांडं थंड बाजूला ठेवा. प्रवासाआधी चार-पाच दिवस उपाशी ठेवलेलं असतं, ते मुद्दाम, वाटेत उलटी होऊ नये म्हणून. त्यामुळे आल्या रात्री खायला घालायची घाई करू नका. कातडीला सुरकुत्या आणि डोळे खोल गेलेले दिसले, तरी आधी २४ तास पाण्याच्या भांड्याची वाट बघा. आल्या आल्या कोमट पाण्यात बसवणं म्हणजे घाबरलेल्याला आणखी घाबरवणं.

नंतरचे सात दिवस पाणी बदलणं आणि तापमान बघणं, एवढंच. फोटो, पाहुणे, वजन, सगळं नंतर. आणि विकणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या : शेवटचं खाणं कधी, काय आणि किती ग्रॅमचं, गोठवलेलं की जिवंत, आणि शेवटची कात कधी टाकली. निदान चार-पाच वेळा स्वतःहून खाल्लेलं नसेल, तर पिल्लू पाठवूच नका म्हणून सांगा.

प्रश्न : कॉर्न स्नेकचं पिल्लू येऊन नऊ दिवस झाले. ७ ग्रॅम वजन. दोनदा पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं पिल्लू) दिली, खाल्ली नाही. हात घातला की शेपटी थरथरवतं आणि झडप घालतं. घरात येणारा प्रत्येक जण बघायला मागतो. तोंड उघडून भरवावं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तोंड उघडून भरवायचं नाही. इतक्या लहान सापाचा जबडा आणि अन्ननलिका फार नाजूक असते, ते काम सरीसृप जाणणाऱ्या पशुवैद्याचं, आणि तेही शेवटचा उपाय म्हणून. उत्तर तुमच्या पत्रातच आहे : प्रत्येक जण बघायला मागतो. शेपटी थरथरवणं हा राग नाही, भीती आहे. ज्याला दिवसातून चारदा वाटतं की आपल्याला कोणीतरी खायला आलंय, ते स्वतः खात नाही.

पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवा. आत किचन टॉवेलचे चुरगळलेले तुकडे भरा, इतके की एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत ते अंग न दाखवता जाऊ शकेल. गरम बाजू २९-३० अंश, थंड २३-२४. मग पूर्ण सात दिवस काहीच देऊ नका. दर दोन दिवसांनी खाणं दाखवून बघणं हाच त्रास होतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी दिवा मंद करून द्या. पिंकी आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळवा, नंतर झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, अंग ३७-३८ अंशांवर आलं पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं आणि आतून शिजतं. उकळतं पाणीही नको. पुसून कोरडी करा. या वजनाला दीड ते दोन ग्रॅमची पिंकी बास, पहिल्या वेळी दीडच्या आतली बघा. लांब चिमट्याने आडोशाच्या दाराशी ठेवा आणि तुम्ही खोलीतून निघून जा. चिमटा नाकासमोर नाचवला तर बॉल पायथन कधीकधी झडप घालतो, कॉर्नचं पिल्लू बहुधा पळतं.

नाही खाल्लं तर पुढच्या आठवड्यात वेगळी युक्ती. दह्याच्या छोट्या डब्याच्या झाकणाला टाचणीने भोकं पाडा, आत टॉवेलचा तुकडा, पिंकी आणि पिल्लू, आणि डबा तसाच पेटीच्या उबदार बाजूला रात्रभर झाकून ठेवा. डबा मॅटच्या ऐन वर नको, जरा बाजूला. हट्टी पिल्लांपैकी बरीचशी यावर खातात. डोळे निळसर-दुधी दिसत असतील तर कात यायची आहे, ती पडेपर्यंत थांबा.

वजन मात्र आठवड्यातून एकदा करा, झाकणाच्या डबीत घालून. स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी, ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला सोनारी काटा लागतो. ७ ग्रॅमच्या पिल्लाचं ०.७ ग्रॅम घटलं म्हणजे दहा टक्के गेले. तिथे पोचलात, किंवा चार आठवडे काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टर. मोठा बॉल पायथन दोन महिने उपाशी राहून मजेत असतो, त्याचा हिशोब या पिल्लाला लावू नका.

खाल्ल्यावर ४८ तास हात नाही. उलटी केलीच तर पुन्हा लगेच भरवू नका, पोटातलं आम्ल भरून यायला वेळ लागतो. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं. उलटीची कारणं जवळजवळ नेहमी तीच : पेटी गार, भक्ष्य मोठं, किंवा खाऊन झाल्यावर कोणीतरी उचललं.

प्रश्न : हीट मॅट लावली, तरी रात्री पेटी थंड पडते. शिवाय लाईट जाते तेव्हा काय?
– एक वाचक, महू

उत्तर : मॅट जमीन तापवते, हवा नाही. माळव्यात डिसेंबर-जानेवारीत बाहेर दहा अंशांच्या आसपास पारा उतरला की खोली १६-१८ वर येते, आणि मॅट एकटी पडते. पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना २५ मिमी जाडीचं थर्मोकोल लावा, पेटी बाहेरच्या भिंतीला चिकटून न ठेवता आतल्या भिंतीशी, कमरेइतक्या उंचीच्या फळीवर ठेवा. फरशीजवळची हवा सर्वांत गार असते. तरीही कमी पडलं तर खोलीच तेलाच्या हीटरने २३-२४ ठेवा. खिडकीतलं ऊन हा उपाय नाही. बंद प्लास्टिकच्या पेटीवर थेट ऊन आलं तर हिवाळ्यातही थोड्याच वेळात पिल्लू मरतं.

थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नका, हे आम्ही ठासून सांगू. बिनलगामी मॅट ४५ अंशांच्या वर जाते, आणि पोटाखालचा चटका सापाला वेळेत कळत नाही, ते तिथेच बसून भाजतं. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक, पेटीच्या आत ठेवण्याची चूक सर्रास होते. पिल्लू तो सरकवतं किंवा त्यावर पाण्याचं भांडं सांडतं, थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि मॅट तापत राहते. प्रोब बाहेरून, मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये पक्का चिकटवा, आतली जमीन इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा आणि आकडा दोन-तीन अंश वरखाली करून जुळवा. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच, आणि पेटीला चार रबरी पाय लावून हवेला फट ठेवा.

लाईटचं म्हणाल तर १०-१५ वॅटची मॅट घरच्या इन्व्हर्टरला जाणवतही नाही, त्याच लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवून. फार वेळ लागला तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पेटीच्या बाहेरून एका कडेला. एक रात्र २० अंशांत काढली म्हणून उपाशी पोटाच्या पिल्लाचं काही बिघडत नाही. पोट भरलेलं असेल तेव्हाच काळजी करा.

एप्रिल-मेमध्ये चिंता उलटी होते. हवा कोरडी पडते, बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. ओलसर शेवाळाचा एक डबा आत ठेवा. पावसाळ्यात तोच डबा काढा, नाहीतर ओल्या बैठकीवर पोटाचे खवले सडतात.

प्रश्न : पांढऱ्या टॉवेलवर आणि पाण्यात खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात. साप सारखा पाण्यात बसतो.
– एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : सापाच्या गोचिडी, म्हणजे माइट्स. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची घडी भिंगाने बघा. ओल्या पांढऱ्या टिश्यूने अंग पुसा, ठिपका चिरडून तांबूस रेघ उठली की शंका नको. अंडी सापावर नसतात, पेटीच्या फटींत असतात, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. टॉवेल रोज बदला, लाकडी वस्तू फेका, पेटी गरम साबणपाण्याने कोपऱ्यांसकट घासा, आणि हे निदान पाच-सहा आठवडे. घरात दुसरा साप असेल तर त्याचं काम आधी, याचं नंतर, आणि मधे हात धुवा. नव्या सापाला ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं ते याचसाठी.

कुत्र्याच्या गोचिडीचा फवारा मारू नका. त्यातल्या काही औषधांनी लहान साप मरतात. औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील. इंदूरमध्ये कोणी सापाचा जाणकार मिळाला नाही, तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती, द्रव मशीन, धूप, फिनेल सगळं बंद.

श्वास घेताना शिट्टी, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून मान वर करून बसणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी आठवडाभर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आजी नागपंचमीला दूध पाजणार म्हणते. आणि आठ वर्षांच्या मुलीला साप हातात कधी द्यावा?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : साप दूध पचवू शकत नाही. तहानलेला असेल तर पितो, आणि पोट बिघडतं. आजींना हळदकुंकू पाटावरच्या चित्राला वाहू द्या, नाग पाटावर काढून पुजायची पद्धत आपल्याकडे आहेच.

सापाची तीन जेवणं नीट झाल्यावर तो मुलीला द्या, आधी मोठ्यांनी दोन आठवडे सवय केल्यावर. जमिनीवर बसून, पाच मिनिटं, वरून झडप न घालता बाजूने हात नेऊन, अंग दोन्ही तळव्यांवर पेलून. नंतर साबणाने हात. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हातात देऊच नका.

प्रश्न : यासाठी परवाना लागतो का? आणि बागेत सापडलेलं धामणीचं पिल्लू पाळता येईल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : धामण नाही, मांडूळ नाही, अजगर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे इथले साप घरी ठेवणं गुन्हा आहे, सापडलेलं असो की विकत घेतलेलं. परदेशी जातींपैकी बॉल पायथन सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याच्या नोंदीचे कागद पैसे देण्याआधी मागा. कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवा. धामणीच्या पिल्लाला हात न लावता वाट मोकळी करून द्या. घरात शिरलं असेल तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवा.