शाळेच्या पहिल्या महिन्यात एवढेच करा
ताई, स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे दिसणाऱ्या तुमच्या मुलाला शाळेत कसे रुळवायचे, असे तुम्ही विचारलेत. सर्वांत आधी वर्गशिक्षिकांना त्याच्याबद्दल पानभर चिठ्ठी द्या: मधल्या सुट्टीची घंटा वाजली की तो कान झाकतो, गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल त्याला टोचते, आणि अशा वेळी न रागावता थोडा वेळ शांत कोपरा दिला, तर तो स्वतःहून वर्गात परततो. ‘सवय होईल’ म्हणून त्याला गोंगाटात ढकलू नका. ही सुरुवातीची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मैत्रीसाठी वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावण्याऐवजी एकच मूल, तासाभरासाठी, दोघांच्या आवडीच्या खेळाला घरी बोलवा. स्वमग्नतेचे निदान झालेले असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्यायच्या असतात, हे मुख्याध्यापकांना सौम्यपणे, पण लेखी कळवा. थेरपीचे बारकावे तूर्त राहू द्या.