गाईचा माज, हत्तीची मस्ती

प्रश्न एका तरुण पशुवैद्याचा आहे. दूध संस्थेसाठी माहितीपत्रक लिहायचं आहे, पण 'गाय माजावर आली', म्हणजे गाभण राहायला तयार झाली, हे शिवीसारखं वाटतं. माज म्हणजे गर्व. मग 'गाय हीटवर आली' असं लिहावं का? आणि बिचाऱ्या गाईला गर्वाचा शब्द चिकटलाच कसा?

'हीटवर' लिहू नका. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी चढते. ज्या गोठ्यात 'माजावर येणं', 'माज दाखवणं', 'फळवणं' (गाभण राहावी म्हणून वळू दाखवणं), 'उलटणं' (फळवूनही पुन्हा माजावर येणं), 'मुका माज' (बाहेर लक्षणं न दाखवणारा) असे नेमके शब्द रोजच्या वापरात आहेत, तिथे हा उसना शब्द आणून कुणाची सोय होते?

गाईला गर्वाचा शब्द चिकटलेला नाही. घडलं ते उलटं. धुंदीचा शब्द गर्वाला लागला.

मूळ धातू 'मद्', म्हणजे धुंद होणं. संस्कृत 'माद्यति', प्राकृत 'मज्जइ', मराठी 'माजणे'. संस्कृतातला 'द्य' मराठीत येईपर्यंत 'ज' होतो आणि आधीचा स्वर लांबतो. 'अद्य'चा 'आज' झाला, 'विद्युत्'ची 'वीज' झाली, 'वाद्य' 'वाजू' लागलं, तसाच हा माज. हा माज महिन्याच्या 'मध्या'वर येतो म्हणून 'मध्य'पासून निघाला, असं सांगणारे भेटतात. त्यांनी दोन माज एकत्र केले आहेत. कमरेला म्हणतात तो माज, माजघरातला माज, हे 'मध्य'चे वंशज. जुन्या कवितेतल्या 'माझारी'त त्यांचा 'झ' अजून दिसतो. 'सांज'मध्ये 'झ'चा 'ज' झाला हे मला मान्य आहे, त्यामुळे नुसत्या उच्चारावरून निकाल लागणार नाही. पण 'माजणे' हे क्रियापद कंबरेतून कसं निघेल? शिवाय गाय दर 21 दिवसांनी माजावर येते. महिन्याचा मध्य तिला कुठला? 'मजा'ही इथे ओढू नका. ती फारसीतली 'चव' आहे, तिचा या घराण्याशी संबंध नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 'मद्'ला 'त' प्रत्यय लागला की संस्कृतात 'मत्त' होतो. फारसीच्या पूर्वज भाषेत हाच धातू आणि हाच प्रत्यय होता, पण तिथे दोन दंत्य वर्ण शेजारी आले की पहिल्याचा 'स' होतो. म्हणून तिकडे झाला 'मस्त'. मत्त आणि मस्त हे एकाच आईचे दोन मुलगे. एक गंगेकाठी वाढला, एक इराणात. पटत नसेल तर 'बंदोबस्त' घ्या. त्यातला 'बस्त' म्हणजे आपला 'बद्ध'. लग्नाचा बस्ता बांधतात तो 'बस्ता'ही तोच, बांधलेला. 'मस्ती' परकी म्हणून लेखणीतून हाकलणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी निदान एवढं बघायला हवं होतं. ज्याला ते परका म्हणतात, तो सख्खा भाऊ आहे.

आणि हा भाऊ पुढे कुठवर गेला पाहा. नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून स्राव वाहू लागतो, मूत्र ठिबकत राहतं, टेस्टोस्टेरॉन एरवीच्या कित्येक पट वाढतं. या अवस्थेला जगभरचे शास्त्रज्ञ आज 'मस्त' याच शब्दाने ओळखतात. ती फक्त आशियाई हत्तींना येते, अशी समजूत फार काळ होती. 1981 साली जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी केनियातल्या अंबोसेलीच्या हत्तींवरून ती आफ्रिकेतही येते हे दाखवलं. आफ्रिकेच्या हत्तीलाही आपल्याच धातूचं नाव मिळालं.

अमरकोशात त्या स्रावाला 'मद' आणि 'दान' म्हटलं आहे, आणि मद ओसरलेल्या हत्तीला 'उद्वान्त' व 'निर्मद' अशी वेगळी नावं आहेत. संस्कृत कवी हत्तीच्या गंडस्थळावर भुंगे जमवतात, ते मला पूर्वी नुसतं अलंकरण वाटायचं. 2002 साली रॅस्मुसेन आणि सहकाऱ्यांनी (त्यांत तमिळनाडूचे नामवंत हत्तीवैद्य व्ही. कृष्णमूर्तीही होते) या स्रावाचं रसायन तपासलं. कोवळ्या वयातल्या नरांचा स्राव मधासारखा गोड वासाचा निघाला. वय वाढतं तसा तो उग्र होत जातो. कवींनी हत्ती जवळून पाहिले होते!

ग्रीकांनी याच अवस्थेकडे कसं पाहिलं तेही सांगतो. शास्त्रात गाईच्या माजाला 'इस्ट्रस' म्हणतात. त्याच्या मुळाशी ग्रीक 'ऑइस्ट्रोस' आहे, आणि त्याचा अर्थ गोमाशी. गोमाशी चावली की गाय जशी उधळते, तशी ही अवस्था. बीजकोशातल्या ज्या संप्रेरकामुळे गाय हंबरते, अस्वस्थ होते, दुसऱ्या गाईंवर चढते आणि काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव) टाकते, त्याचं 'इस्ट्रोजेन' हे नावही त्या माशीवरूनच पडलं. ग्रीकांना दिसला बाहेरून झालेला दंश. आपल्याला दिसली आतून चढलेली धुंदी. संप्रेरक आतूनच रक्तात उतरतं, तेव्हा नेमकेपणा आपल्या शब्दात जास्त आहे.

बडवलेल्या बैलात हे उघड दिसतं. लहानपणीच खच्ची केलेला गोऱ्हा उंच होतो, कारण हाडांची वाढ थांबवण्याचा इशारा उशिरा मिळतो. पण वळूची जाड मान आणि भरदार वशिंड त्याला येत नाही, माजही येत नाही. जर्मनीतल्या गॉटिंगनला शरीरशास्त्रज्ञ आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी 1849 मध्ये खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं, तेव्हा तुरा वाढला, आरवणं परतलं, झुंजी सुरू झाल्या. जुने मज्जातंतू तर तुटलेले होते. म्हणजे जे काही जात होतं ते रक्तातूनच.

माणसाच्या माजाबद्दल माझं एक मत आहे, आणि मी ते सोडणार नाही. गर्व 'होतो', अभिमान 'वाटतो', पण माज 'चढतो' आणि 'उतरतो'. मराठीत नशा चढते, ताप चढतो, विंचू चढतो: सगळ्या अंगात भिनणाऱ्या गोष्टी. 'दारूची नशा' म्हणतो तसंच आपण 'पैशाचा माज' म्हणतो. षष्ठीत कारण येतं. कोश अशा ठिकाणी नुसतं 'गर्व, उन्मत्तपणा' लिहून मोकळे होतात आणि शब्दातलं शरीर हरवतं. 'माज जिरवणे' म्हणताना समोरच्याच्या मनातली समजूत बदलायची नसते, अंगातलं काहीतरी खाली आणायचं असतं.

आणि ते खाली येतं, तेही दुसऱ्यांच्या नुसत्या उपस्थितीने. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात अनाथ नर हत्ती नेले होते. मोठे नर तिथे नव्हते. पोरांना अकाली मस्ती आली, ती लांबली, आणि त्यांनी 40 हून अधिक गेंडे मारले. मग तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून 6 प्रौढ नर आणले. पोरांची मस्ती ओसरली आणि गेंडे मारणं थांबलं.

पत्रकाचं राहिलंच. असं लिहा: 'सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज बहुधा मुका असतो, म्हणून पहाटे आणि रात्री गोठ्यात चक्कर मारा.' एकही शेतकरी याला शिवी समजणार नाही.